शून्य रुपयांची तिकिटं (आई, रंकाळा आणि एसटी)

रंकाळावेस

दिवाळी झाली की दरवर्षी मी आठ-दहा दिवस कोल्हापूरला आईकडे जाऊन राहते. भाऊबीजेच्या गर्दीत नाही, त्यानंतर सगळे आपापल्या गावी गेले की. त्या दिवसांत दोन कामं असतात, एक आईचा हयातीचा दाखला आणि दुसरा अंबाबाईचा किरणोत्सव (मावळतीची किरणं मूर्तीवर पडतात तो, ९, १०, ११ नोव्हेंबर). बाबा झेडपीच्या शाळेत मास्तर होते, त्यांच्या माघारी आईला फॅमिली पेन्शन आहे. आई ७९ची, एकटी राहते, घर रंकाळ्यापासून चालत पाच मिनिटांवर. म्हणजे माझी पाच, तिची किती ते यंदा कळलं.

सकाळी सहाला आम्ही तळ्यावर फिरायला जातो हा जुना रिवाज. या दिवसांत पाण्यावर धुकं असतं, पलीकडे शालिनी पॅलेसचा नुसता टॉवर तेवढा वर दिसतो, काठाला केंदाळ आलेलं असतं त्यावर बगळे. पूर्वी आई मला मागं टाकून संध्यामठाच्या बाजूला जाऊन परत यायची, गेल्या वर्षी निम्म्यात वळलो. यंदा गेटपासून तिसऱ्या बाकावर बसली आणि म्हणाली तू ये जाऊन, मी हितंच हाय. मी एकटीच थोडी पुढे गेले आणि मागे वळून बघितलं तर ती तिथं बसून येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येकाशी बोलत होती, सगळे ओळखीचे. म्हणजे ही रोज इथंच बसते आणि फोनवर मला सांगते "आज रंकाळ्याला गेलतो". खोटं नाही म्हणता येणार.

घरी येऊन चहाबरोबर चकली दिली. चकली छान होती, फार छान, सगळ्या एका मापाच्या. माझ्या आईच्या चकल्या आयुष्यात कधी एका मापाच्या झाल्या नाहीत. खोदून विचारल्यावर कळलं की बचत गटाकडून दोन किलो आणल्या, आपल्या जुन्या पितळी डब्यात भरल्या आणि वर कागद घातला. सोऱ्या फिरवताना मनगट धरतं म्हणे. मग मला सांगायचं ना, तर म्हणे "तू लगेच पुण्याला चल म्हणतीस."

आता मुख्य मुद्दा. दाखल्यासाठी पेन्शनचं पासबुक शोधत होते, कपाटातल्या ड्रॉवरमध्ये एक रबरबँड लावलेलं बंडल सापडलं. एसटीची तिकिटं. मशीनमधून येतात ती पांढरी, निम्म्यांची शाई उडालेली. नृसिंहवाडी, जोतिबा, गारगोटी, गगनबावडा, पन्हाळा, परत नृसिंहवाडी, परत नृसिंहवाडी. सगळ्यांवर रक्कम शून्य. ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटी फुकट आहे ना, ती. मी मोजली, एकसष्ट. एकटी. मला एक शब्द माहीत नाही!

मी जाम चिडले. तिसऱ्या बाकाच्या पुढे पाय चालत नाहीत आणि गगनबावड्याला जातेस? तर शांतपणे म्हणाली, "अगं चालायला कुठं लागतंय, बसायलाच तर लागतं. घरात बसून काय करू, त्यापेक्षा एस्टीत बसतो."

यावर मला काही बोलता आलं नाही. पण रात्रभर झोपही नाही आली. एसटीची पायरी, स्टँडवरची गर्दी, बीपीच्या गोळ्या. २०१९च्या पुरात शिरोलीला हायवे बंद झाला तेव्हा आठवडाभर मी पुण्यात नुसती फोन धरून बसले होते, तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच असतं की काही झालं तर मी पोचणार कशी. तुमच्यापैकी कुणाचे आईवडील असे एकटे फिरतात का? थांबवायचं की नाही? की सरळ पुण्याला आणायचं? भाऊ परदेशी आहे, तो म्हणतो "आण तिला पुण्याला", त्याला काय जातं म्हणायला.

पुणेरी_काकू

छान लिहिलंय. एक शंका, आई "गेलतो", "बसतो" म्हणतात असं लिहिलंय, ते टायपो आहेत का? वाचताना अडखळले.

रंकाळावेस

टायपो नाही हो, कोल्हापूर आहे :) आमच्याकडे बायकासुद्धा आलो, गेलो, खाल्लो म्हणतात. मी पुण्यात लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंना पहिल्याच दिवशी "मी आंघोळ करून आलो" म्हटलं होतं, अजून तो किस्सा सांगतात. आता सवयीने "आले गेले" लिहिते पण गाडीने किणीचा टोलनाका ओलांडला की आपोआप "आलो" सुरू होतं.

दुधाळीचा_दादा

नाद खुळा आई आहेत तुमच्या! एकसष्ट तिकिटं जपून ठेवलीत म्हणजे हिशेब पण ठेवलाय. वैनी तुम्ही टेन्शन घेऊ नका, आमच्या गल्लीत अशा चार आज्ज्या आहेत, सकाळी भाकरी बांधून घेऊन जातात दुपारी परत. कुठल्या गाडीचा कंडक्टर चांगला, कुठली गाडी वाटेत पंधरा मिनिटं थांबते, सगळं पाठ.

आणि रंकाळ्याचं निघालंच आहे तर, तळ्याकाठच्या नंदीची गोष्ट आठवली. म्हणे तो रोज गहूभर पुढे सरकतो आणि तांदूळभर मागे येतो, आणि ज्या दिवशी रंकाळ्यात पोचेल त्या दिवशी जगबुडी. आमची आजी गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर म्हणायची माझा नंदी झालाय रे.

कडुलिंब

गोष्टी ठीक आहेत पण धागाकर्तीने प्रश्न विचारलाय त्याचं उत्तर द्या. माझं स्पष्ट मत, ७९ वर्षांच्या बाईने एकटीने घाटातल्या बसने फिरणं धोक्याचं आहे. उद्या पडल्या, कमरेचं हाड मोडलं तर सहा महिने अंथरूण आणि मग हीच मुलगी नोकरी सोडून धावणार. भावना वेगळ्या, व्यवहार वेगळा. मी माझ्या वडिलांना ७६व्या वर्षी स्कूटर बंद करायला लावली, चार महिने बोलले नाहीत माझ्याशी. चालतंय.

झुळूक

कडुलिंब, आणि चार महिन्यांनी काय बोलले?

कडुलिंब

"टीव्हीचा रिमोट कुठाय." असो.

डॉ_स्टेथो

मी पेशंट न बघता सल्ला देत नाही, पण थोडं जनरल लिहितो कारण हा प्रश्न ओपीडीत आठवड्याला दोनदा येतो.

थांबवायचं की नाही हे नंतर, आधी पाय का थांबले ते बघा. वय झालं म्हणून चालणं कमी झालं हे उत्तर सगळ्यात शेवटी द्यायचं असतं. गुडघे आहेत, दम लागतो, चक्कर येते, दिसत नाही, की पडायची भीती बसली आहे? प्रत्येकाचा उपाय वेगळा. बीपीच्या गोळ्या चालू आहेत म्हणालात, तर त्यांना पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी घ्या, मग उभं करून एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी परत घ्या. वरचा आकडा २०ने किंवा खालचा १०ने उतरत असेल तर त्यांच्या डॉक्टरांना सांगा, गोळ्यांचा डोस किंवा वेळ बदलावी लागते, आपल्या मनाने गोळी बंद करू नका. झोपेची गोळी घेतात का बघा, म्हातारपणी रात्री बाथरूमला जाताना पडण्यामागे ती बरेचदा असते. मोतीबिंदू, जुना चष्मा. बी-१२ आणि थायरॉइड एकदा करून घ्या, शाकाहारी घर असेल तर बी-१२ नक्कीच.

आणि एक, पडणारी माणसं बहुतेक घरातच पडतात. एसटीची काळजी करताय तेवढीच बाथरूमची करा. कमोडशेजारी आणि नळाजवळ भिंतीत पक्के बसवलेले दांडे (टॉवेलचा रॉड नव्हे, तो हातात येतो), न घसरणारी मॅट, रात्रीचा छोटा दिवा, आणि ती प्लॅस्टिकची सपाता फेकून द्या.

रंकाळावेस

डॉक्टर, शाकाहारी अजिबात नाही, रविवारी पांढरा रस्सा लागतो तिला. पण टीव्ही इतका मोठा लावते की शेजारच्या वहिनी त्यांचा बंदच ठेवतात, आमचाच ऐकतात म्हणे. कानाचं मी लिहिलंच नाही वर.

डॉ_स्टेथो

मग कानाची तपासणी पहिली. एकटं फिरणाऱ्या माणसाला मागून येणारी गाडी ऐकू येणं महत्त्वाचं. शिवाय ऐकू कमी यायला लागलं की माणूस हळूहळू चारचौघांत बोलणं बंद करतो. आई बाकावर बसून सगळ्यांशी बोलतात म्हणालात, तिथपर्यंत अजून बरं आहे.

आंबोलीचा_पाऊस

आमची आये सावंतवाडीक असता, मोती तलावाच्या समोरच्या गल्लीत. मी मुंबईत. दर खेपेक विचारतंय, येतंस? "गो माका हयच बरा." एकदा जबरदस्तीन घेऊन इलंय, बाराव्या माळ्यावर. पंधरा दिवसांत काय बोलाचीच नाय. खिडकीतसून खाली बघी आणि म्हणा, हयसर कोण कोणाक हाक मारणत नाय काय? परत नेऊन सोडलंय. तलाव दिसलो तसा तोंडार रंग इलो.

(ज्यांना मालवणी कळत नाही त्यांनी कोल्हापूरकरांना विचारा, ते रविवारी मासे खायला आमच्याकडेच येतात.)

दूरदेशी

मी तो "परदेशी भाऊ" आहे. म्हणजे तुमचा नाही, पण तसाच. जर्मनीत असतो, आई ठाण्यात, मासुंदा तलावाजवळ, बहीण डोंबिवलीला. मीही म्हणायचो तिकडे घेऊन जा, सोपं आहे म्हणायला. गेल्या वर्षी महिनाभर सुट्टी काढून आईकडे एकटा राहिलो, बहीण नसताना. तेव्हा कळलं आईचा दिवस कसा भरलेला आहे. सकाळी कोपिनेश्वर, मग भाजीवाली (तिला ती हिशेब करून देते), मग तलावपाळीला एक फेरी, दुपारी कुणीतरी येतंच. तिला उचलून दुसरीकडे नेणं म्हणजे एवढं सगळं काढून घेऊन बदल्यात एक खोली देणं. तुमच्या भावाला म्हणावं दहा दिवस येऊन राहा, मग सांग.

पुणेरी_काकू

दूरदेशी, पटलं तरी पूर्ण नाही पटलं. मी स्वतः ७१ची आहे. नेणं-न नेणं यावर मुलं बोलतात, आम्हाला कुणी विचारत नाही की कधी न्यायचं. मी माझ्या मुलाला लिहून दिलंय, मला स्वतःचं औषध स्वतः घेता येईनासं झालं की मला विचारायचं नाही, सरळ घेऊन जायचं. तोवर विषय काढायचा नाही. हे डोकं शाबूत असताना ठरवलेलं बरं, नंतर भांडणं होतात. रंकाळावेस, तुम्ही आईंना तसं विचारा ना, "कधी येशील?" असं. "येतेस का" याला उत्तर नाहीच येणार.

आणि ७० वर्षांवरच्यांना आयुष्मान कार्ड उत्पन्नाची अट न ठेवता मिळतं, ऑक्टोबर २०२४ पासून, पाच लाखांपर्यंत. काढलं नसेल तर या मुक्कामातच काढून टाका, आधार लागतं. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा हेल्पलाइन नंबरही फ्रिजवर लावून ठेवा.

रंकाळावेस

सगळ्यांना एकदम उत्तर देते, तीन दिवस इथे यायला जमलं नाही.

काकू, विचारलं. "कधी येशील" असंच. तर म्हणाली, "ऐंशी झाल्यावर पेन्शन वाढती, ती एकदा हातात येऊ दे, मग बघू." म्हणजे पुढच्या वर्षीपर्यंत विषय बंद. मग थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून, मी काही विचारलेलं नसताना, "गॅस बंद करायला इसरायला लागलो की ये म्हणावं न्यायला." हे तिने स्वतः ठरवलेलं दिसतंय आधीच. मी वहीत लिहून घेतलं, तारीख घालून. तिने बघितलं आणि म्हणाली सही पण करू काय.

बँकेचा किस्सा. तिथे बोटाचे ठसे घेतात ना हयातीसाठी, तिचे उमटेनात. अंगठा, तर्जनी, परत अंगठा, ओला कापूस लावून परत. काउंटरवरचा मुलगा बिचारा घामाघूम, मशीन म्हणतंय जुळत नाही. आई त्याला म्हणते, "मग काय, मी न्हाईच म्हणून घरी सांगू व्हय?" मागची अख्खी रांग हसली. शेवटी रजिस्टरमध्ये सही घेतली. पुढच्या वर्षी मोबाइलवर चेहरा दाखवून करता येतं ते जीवन प्रमाण करायचं म्हटलं, तर ती नको म्हणाली. बँकेत गेलं की वर्षातून एकदा सगळ्या जुन्या मास्तरणी भेटतात, कोण आलं कोण नाही ते कळतं. त्या दाखल्याच्या रांगेचा हा उपयोग मला कधी सुचला नव्हता.

बीपी डॉक्टरांनी सांगितलं तसं घेतलं. उभं राहिल्यावर वरचा आकडा २४ने उतरला! तिच्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी एक गोळी सकाळची रात्री केली आणि एकाचा डोस निम्मा केला, आठवड्याने परत बोलावलंय. चक्कर येते हे तिने त्यांनाही सांगितलं नव्हतं. म्हणून तिसरा बाक. तिथपर्यंत धरायला रेलिंग आहे, मी परत जाऊन बघितलं, त्यापुढे थोडं मोकळं आहे. इतकी वर्षं तिथे चालतेय, हे कधी नजरेत आलं नव्हतं.

किरणोत्सव या वेळी घरात टीव्हीवर बघितला. देवळाबाहेर स्क्रीन लावतात पण तिथे उभं राहायचं म्हणजे तासभर. मावळतीची किरणं महाद्वारातून येतात, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा करत करत आत, पहिल्या दिवशी पायांवर, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत, तिसऱ्या दिवशी तोंडावर यायला पाहिजेत, आणि दरवर्षी ढग, धूळ, महाद्वार रोडच्या इमारती, काही ना काही आडवं येतंच. आई आणि शेजारच्या वहिनींचा वाद, किरणं गुडघ्यापर्यंत आली की कमरेपर्यंत. टीव्ही फुल आवाजात. मी मध्येच बसून शेंगा सोलत होते, लहानपणी बसायचे तशीच. पावणेसहाला सगळं संपलं आणि ती उठून दिवा लावायला गेली, उठताना खुर्चीच्या हाताला धरून दोन क्षण थांबली. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे. ऐकते म्हणजे, कुणाचं तरी.

दुधाळीचा_दादा

गंगावेशीत दूध कट्ट्यावर नेलं का नाही आईंना? या थंडीत संध्याकाळी म्हशीचं धारोष्ण, ग्लासभर फेस. ठसे पण उमटतील :D

कडुलिंब

गोळ्या बदलल्या हे चांगलं झालं. पण एसटीचं काय ठरलं?

रंकाळावेस

तेच सांगायला आले होते. काल तिच्याबरोबर गेले, नृसिंहवाडीला. गुरुवार तिचा ठरलेला.

सकाळी सातला रिक्षाने स्टँड. मला वाटलं होतं मी तिला सांभाळत नेईन. तिथे आधीच दोघी उभ्या, एक उचगावच्या, एक कसबा बावड्याच्या, दोघी पंचाहत्तरीच्या पुढच्या. एसटीची पायरी उंच आहे हे खरं, पण यांची पद्धत ठरलेली, एक आधी चढते आणि वरून हात देते, एक मागून पिशव्या धरते, शेवटची चढताना ड्रायव्हर दोन मिनिटं गाडी सुरूच करत नाही. घाई करणाऱ्या कॉलेजच्या पोरांना बावड्याच्या काकू अशा बघतात की पोरं बाजूला होतात. कंडक्टरने तिघींना शून्याची तिकिटं दिली, आधार बघितलंही नाही, आणि मला महिला सवलतीचं अर्धं. आई पूर्ण रस्ता त्याबद्दल हळहळत होती, "हिला पैसे पडतात."

तिघी तीन खिडक्यांशी. शेजारी बसत नाहीत, एकामागे एक, प्रत्येकीला खिडकी. हातकणंगल्याच्या पुढे उसाचे ट्रॅक्टर, दोन दोन ट्रॉल्या, गाडी गोगलगायीसारखी, मी कंटाळले, या तिघी खूश. कुठल्या शेतात तोड लागली, कुणाचा ऊस अजून उभा आहे, गुऱ्हाळाचा वास आला की कोणतं गाव, सगळं मागे-पुढे ओरडून चाललेलं, कारण तिघींनाही ऐकू कमी येतं. वाडीला पोचल्यावर घाटाच्या पायऱ्या आई उतरत नाही. वरूनच कृष्णेला आणि पंचगंगेला हात जोडते. पायऱ्यांवर बावड्याच्या काकू जातात, तिघींच्या वतीने पादुकांचं दर्शन घेतात आणि तीर्थ एका छोट्या स्टीलच्या डबीतून वर आणतात. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

कवठाची बर्फी घेतली. परत येताना आईला झोप लागली, खिडकीला डोकं टेकून, तोंड थोडं उघडं. मी पदर सारखा केला तर झोपेतच हात झटकला.

ठरलं ते असं: गगनबावडा आणि जोतिबा बंद, घाट आहे आणि तिकडे या दोघी नसतात. वाडी चालू. पर्समध्ये नाव, माझा नंबर, गोळ्यांची यादी लिहिलेलं कार्ड. उचगावच्या आणि बावड्याच्या काकूंचे नंबर माझ्याकडे, माझा त्यांच्याकडे. कानाची तपासणी पुढच्या सोमवारी. बाथरूमचे दांडे आज बसले, मिस्त्रीला आईने तीनदा चहा दिला आणि टॉवेल त्यावरच वाळत घातलाय.

पुणेरी_काकू

गगनबावडा बंद हे त्यांनी मान्य केलं?

रंकाळावेस

"बघू" म्हणाली.

आंबोलीचा_पाऊस

म्हणजे जातली.

कडुलिंब

माझं मत बदललेलं नाही. पण तिघी असतील तर ठीक. दांडे भिंतीत खोल बसवले आहेत ना? आमच्याकडे सहा महिन्यांत हलायला लागले होते.

रंकाळावेस

हो, मिस्त्री स्वतः लोंबकळून दाखवून गेला.

पुण्याला परत आले, चार दिवस झाले. आज दुपारी फोन केला, गोळ्यांचं विचारायला. तिने उचलला, मागे घरघर, आणि कुणीतरी टिंग टिंग केलं.

"आई, आज गुरुवार नाहीये."

"ऐकू येत न्हाई गं," म्हणाली, "तिकीट घेतोय, मग करतो."